घर ते सहार, अधिक साडेबारा हजार

पुण्याहून अमेरिका किती लांब आहे, याचं उत्तर आमच्या सोसायटीत मजल्यागणिक बदलतं. तळमजल्यावरचे काका म्हणतात, "साडेबारा हजार किलोमीटर." त्याच घरातल्या काकू म्हणतात, "तीन सिनेमे, दोन डुलक्या आणि एक भांडण." दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ तिकिटाचा आकडा सांगून सुस्कारा सोडतात. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या लेखी अमेरिका बरोबर एक बाळंतपण लांब आहे: सून अडली की जायचं, नातू मान धरायला लागला की परत यायचं. चौघांचीही उत्तरं बरोबर आहेत. फरक एवढाच, की काकांना आपलं एकट्याचंच बरोबर वाटतं.

काका निवृत्त आहेत. निवृत्त माणसाच्या हाती आकडा लागला की त्या आकड्याला निवृत्ती मिळत नाही. त्यांचा मुलगा न्यू जर्सीत एडिसनला असतो, म्हणून त्यांनी मुंबई ते न्यूयॉर्क हा हिशेब पक्का केला. पृथ्वीच्या पाठीवरून सर्वांत जवळच्या वाटेने मोजलं तर हे अंतर १२,५०० किलोमीटरच्या किंचित वर भरतं. मोठं प्रवासी विमान ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. चौथीतला भागाकार, उत्तर चौदा तास. काकांनी तो लग्नपत्रिकेच्या रिकाम्या पाकिटावर करून ठेवला. मग तिकीट आलं. त्यावर जाताना सोळा तास आणि येताना साडेचौदा.

"एकाच वाटेला जाताना जास्त आणि येताना कमी?" काकू म्हणाल्या. "अहो, मध्ये चढ आहे की काय?"

काका हसले. हसायला नको होतं, कारण चढ आहे. फक्त तो डोंगराचा नाही, वाऱ्याचा आहे.

काकांचा सिद्धान्त वेगळा होता. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान एकदा वर गेलं की खालची पृथ्वी सरकत राहणार आणि पश्चिमेला निघालेल्या माणसाकडे न्यूयॉर्क आपण होऊन चालत येणार. सिद्धान्त देखणा होता. त्यात दोष एकच होता: तो खरा असता तर जाताना वेळ कमी लागायला हवा होता आणि तिकिटावर नेमकं उलटं छापलं होतं. शिवाय पृथ्वी फिरते तेव्हा आपली हवा मागे सोडून फिरत नाही. ती हवेसकट, ढगांसकट आणि सोसायटीच्या पाण्याच्या टाकीसकट फिरते. तसं नसतं तर स्वारगेटला उडी मारलेला माणूस सारसबागेच्या आसपास उतरला असता, कारण पुण्याच्या अक्षांशावर जमीन सेकंदाला सुमारे ४४० मीटर पूर्वेकडे धावते. रिक्षावाल्यांचा धंदा बसला असता. अर्थात स्वारगेटहून सारसबागेला यायला ते आत्ताही नकारच देतात.

खरं कारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर आहे. तिथे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे अरुंद, वेगवान झोत वाहतात. त्यांना जेट स्ट्रीम म्हणतात. विषुववृत्ताकडची हवा तापलेली, ध्रुवाकडची थंड. या दोघींच्या तापमानातल्या फरकातून हा वारा उठतो आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे पूर्वेकडे वळतो. ताशी शंभर-दीडशे किलोमीटर ही त्याची साधी चाल. हिवाळ्यात लहर लागली तर तो तीनशेच्याही पुढे जातो. अमेरिकेला जाताना विमान याच्या तोंडावर चालतं, येताना हा पाठीवर हात ठेवतो. पृथ्वीच्या फिरण्याचा यात थोडा हात आहे हे कळल्यावर काकांनी आपला सिद्धान्त मागे घेतला नाही. तो 'सुधारून' घेतला.

या वाऱ्याच्या शोधाची हकिगत कुठल्याही लेखकाला धडकी भरवणारी आहे. १९२०च्या दशकात जपानमधल्या तातेनो वेधशाळेचे वासाबुरो ओइशी आकाशात फुगे सोडत आणि ते कुठे, किती वेगाने जातात याची नोंद ठेवत. जपानवरच्या आकाशात फार जोराचा वारा वाहतो, हे त्यांच्या ध्यानात आलं. एवढा मोठा शोध साऱ्या जगाला कळावा म्हणून त्यांनी आपला अहवाल १९२६ मध्ये जपानीत नाही, इंग्रजीत नाही, तर एस्परांतो या जगाची म्हणून मुद्दाम बनवलेल्या भाषेत छापला. साऱ्या जगासाठी लिहिलेला तो अहवाल साऱ्या जगाने मिळून वाचला नाही. १९४४ मध्ये अमेरिकेची बी-२९ बॉम्बफेकी विमानं जपानवर गेली, तेव्हा त्यांना हा वारा अचानक भेटला आणि बॉम्ब भलतीकडे पडू लागले. अठरा वर्षं आधी सगळं छापून तयार होतं. दिवाळी अंकातल्या कवितांचं भवितव्य तरी याहून काय वेगळं असतं?

वारा मनावर घेतो तेव्हा काय होतं, हे ९ फेब्रुवारी २०२० रोजी दिसलं. अटलांटिकवर मोठं वादळ होतं. न्यूयॉर्कहून लंडनला निघालेलं एक बोइंग ७४७ चार तास छप्पन्न मिनिटांत पोहोचलं. एरवी या वाटेला साडेसहा-सात तास लागतात. प्रवासी वेळेच्या कितीतरी आधी लंडनला उतरले आणि त्यांना न्यायला येणारे नातेवाईक बहुधा अजून अंघोळीला जायचे होते. लवकर आलेला पाहुणा ही जागतिक समस्या आहे.

अंतराचा दुसरा घोळ नकाशाने घातलेला आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर जगाचा नकाशा असे. त्यात मुंबई उजवीकडे, न्यूयॉर्क डावीकडे. पट्टी ठेवून रेघ ओढली की ती अरबस्तान, आफ्रिकेचा माथा आणि अटलांटिक ओलांडून सरळ जाते. काकू हीच रेघ मनात धरून पहिल्यांदा विमानात बसल्या. समोरच्या पडद्यावर त्यांना विमानाचं चित्र दिसलं, तर ते थेट वर निघालेलं. "अहो, हा कुठे चाललाय? न्यूयॉर्क डावीकडे आहे ना?" काकांनी हवाई सुंदरीला बोलावण्यासाठी बटण दाबायची तयारी केली.

हा घोटाळा मर्केटरसाहेबांचा. त्यांनी १५६९ साली गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरवली ती जहाजांच्या खलाशांना दिशा सापडावी म्हणून. दिशा सापडली, आकार मात्र बिघडले. ध्रुवाकडचे देश ताणले गेले. त्या नकाशात ग्रीनलंड आफ्रिकेच्या बरोबरीने मिरवतं. प्रत्यक्षात आफ्रिका त्याच्या चौदा पट आहे. सपाट कागदावरची सरळ रेघ गोल पृथ्वीवर लांबचा फेरा ठरते आणि गोल पृथ्वीवरची जवळची वाट कागदावर धनुष्यासारखी वाकडी दिसते. हे काकूंना पटवायला काकांनी एक मोसंबं घेतलं, त्याला पृथ्वी मानलं, मुंबई आणि न्यूयॉर्कच्या जागी दोन लवंगा टोचल्या आणि मध्ये दोरा ताणून धरला. दोरा आपोआप वर सरकून देठाच्या बाजूने गेला. खऱ्या पृथ्वीवर तो दोरा मुंबईहून निघतो तो जवळजवळ उत्तरेलाच, जरासा डावीकडे झुकून. मध्य आशिया, रशिया आणि नॉर्वे करत आइसलंडच्या आसपासच्या समुद्रावर सर्वांत उत्तरेला पोहोचतो आणि मग ग्रीनलंडच्या टोकाकडून कॅनडामार्गे खाली उतरतो. न्यूयॉर्कला जायचं तर तोंड रशियाकडे करायचं, हे काकूंना अखेर पटलं. मोसंबं सोलल्यावर फोडींना लवंगेचा वास लागलेला होता, तो मात्र भूगोलाच्या खात्यात मांडावा लागला.

आता दोरा ताणायला मोसंब्याची परवानगी लागत नाही. देशांची लागते. भूमितीत दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर म्हणजे सरळ रेषा. आकाशात ती रेषा परराष्ट्र खात्याच्या टेबलावरून जाते. २०१९ मध्ये बालाकोटच्या हवाई हल्ल्यानंतर पाकिस्तानने आपलं आकाश कित्येक महिने बंद ठेवलं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर ते भारतीय विमानांना पुन्हा बंद झालं. मग आपली विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेऊन जाऊ लागली. उत्तर भारतातून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना तर इंधनासाठी वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी उतरणं भाग पडलं. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि रशियाने पाश्चात्त्य कंपन्यांना आपल्या आकाशात यायला मनाई केली. भारतीय कंपन्यांना केली नाही. त्यामुळे एकाच दोन शहरांमधलं अंतर विमानाच्या शेपटीवर कोणत्या देशाची खूण आहे, यावर ठरू लागलं. आपल्याकडेही भाऊबंदकीत हेच होतं. बांध एकच असतो. थोरल्याची बैलगाडी त्यावरून जाते आणि धाकट्याला ओढ्याकडून फेरा पडतो.

आणि रशियाची वाट मोकळी आहे म्हणून सगळं सुरळीत होतं असंही नाही. जून २०२३ मध्ये दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेलं एक विमान इंजिनाच्या तक्रारीमुळे रशियाच्या अतिपूर्वेकडच्या मगदान या गावी उतरलं. दोनशेहून जास्त प्रवाशांची सोय होईल एवढी हॉटेलं तिथे नव्हती, तेव्हा काहींना शाळेत गाद्या टाकून झोपवावं लागलं. दुसरं विमान येऊन त्यांना घेऊन गेलं तेव्हा मध्ये दीड-दोन दिवस उलटले होते. कॅलिफोर्नियात जाऊन सोनेरी पूल बघायला निघालेल्या माणसाला एकदम सैबेरियाच्या पलीकडची शाळा बघायला मिळते, हे तिकिटावर कुठल्याही बारीक अक्षरात लिहिलेलं नसतं.

काकांचा आवडता आकडा मात्र इंधनाचा आहे. लांब पल्ल्याचं बोइंग ७७७-३००ईआर पूर्ण भारानिशी उडतं तेव्हा त्याचं वजन साडेतीनशे टन असतं आणि टाक्या काठोकाठ भरल्या तर त्यातलं १४५ टन निव्वळ इंधन. तासाला सात-आठ टन जळतं. त्यातलं काही तर पुढच्या तासांना लागणारं इंधन वाहून नेण्यासाठीच जळतं. हे काकांना माहीत असल्यामुळे काउंटरवर तेवीसऐवजी चोवीस किलोची बॅग अडवली गेली तेव्हा ते बोललेच, "अहो ताई, विमानात १४५ टन तेल चालतं आणि आमचं एक किलो मेतकूट चालत नाही?" ताईंनी हसून बॅग उघडायला सांगितली. काकूंनी तिथेच फरशीवर बसून मेतकूट एका बॅगेतून दुसऱ्या बॅगेत, दुसरीतून पर्समध्ये आणि पर्समधून काकांच्या कोटाच्या दोन्ही खिशांत असं हलवलं. विमानाचं एकूण वजन एका ग्रॅमनेही कमी झालं नाही, पण नियम समाधान पावला.

या सगळ्याच्या आधी तारखेचा घोळ असतो. मुंबईची अमेरिकेकडे जाणारी बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर लिहिलेलं असतं: शुक्रवार, पहाटे दीड. आता शुक्रवारी पहाटे दीड म्हणजे निघायचं गुरुवारी संध्याकाळी. हे वाक्य जितकं सोपं आहे तितकंच ते दर वर्षी काही कुटुंबांना शुक्रवारी रात्री, एक दिवस आधी उडून गेलेल्या विमानासाठी, सहारला, म्हणजे मुंबईच्या विमानतळावर, पोहोचवतं. आमच्याकडे हा घोळ होत नाही, त्याचं श्रेय आजींना. पंचांगात वार सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत असतो. त्या हिशेबाने पहाटेचा दीड गुरुवारचाच. विमान कंपनी काही म्हणो, आजींनी फर्मान काढलं, "गुरुवारच्या रात्री विमान आहे," आणि सगळं कुटुंब वेळेवर हजर झालं. संगणकाने आरक्षित केलेल्या प्रवासाची जबाबदारी अखेर दाते पंचांगावर आली.

बरं, पहाटे दीडला सुटलेलं विमान न्यूयॉर्कला उतरतं ते उन्हाळ्यात तिथल्या सकाळी आठच्या सुमारास. तिथलं घड्याळ आपल्या साडेनऊ तास मागे. म्हणजे कागदावर दीड ते आठ, साडेसहा तासांत अमेरिका. येताना सकाळी अकराला बसावं तर साडेचौदा तास उडून आणि साडेनऊ तास घड्याळात भरून मुंबईत दुसऱ्या दिवशीचे अकराच वाजतात. जो रस्ता प्रत्यक्षात कमी वेळाचा तो कागदावर पूर्ण एक दिवसाचा आणि जो जास्त वेळाचा तो साडेसहा तासांचा. काकू अमेरिकेतल्या विहीणबाईंना सांगतात, "आम्हाला काय, साडेसहा तासांत येतो," आणि त्यात एक अक्षरही खोटं नसतं.

खरा प्रवास मात्र याच्याही आधी सुरू होतो आणि तो कुठल्याही वेळापत्रकात नसतो. पुणे ते सहार दीडशे किलोमीटर. एक्स्प्रेसवेमुळे हे अंतर अडीच-तीन तासांचं झालं आहे, असं म्हणतात. असं म्हणणाऱ्यांना पहाटे दीडचं विमान नसतं. पहाटे दीडच्या विमानाला पुणेकर दुपारी साडेचारला निघतो. कारण घाटात ट्रक उलटलेला असू शकतो. नसला तर चेंबूरला गर्दी असू शकते. तीही नसली तर फूड मॉलवर वडा खायला गर्दी असू शकते आणि ती असतेच, कारण सगळेच पुणेकर साडेचारला निघालेले असतात. हिशेब करून बघा: दीडशे किलोमीटरला नऊ तास, म्हणजे ताशी सोळा-सतरा किलोमीटर. सायकलवरून गेलं असतं तर साधारण तेवढ्यातच पोहोचलो असतो, वर घाटातली हवाही लागली असती. नवी मुंबईला नवा विमानतळ झाल्यामुळे हे अंतर कमी होईल असं सगळ्यांना वाटतं. अंतर होईलही. साडेचारला निघणं काही बदलणार नाही.

विमान कंपन्यांचा वेळही वेगळाच मोजला जातो. चाकांखाली लावलेले ठोकळे काढले, विमान हललं, की घड्याळ सुरू; पलीकडे जाऊन थांबलं की बंद. मधला धावपट्टीच्या रांगेतला वेळ त्यातच धरलेला असतो आणि शिवाय थोडा राखीवही ठेवलेला असतो. म्हणून पुष्कळदा उशिरा सुटलेलं विमान वेळेवर पोहोचतं आणि वैमानिक अभिमानाने तसं जाहीरही करतो. अमेरिकन सरकारच्या हिशेबात तर पंधरा मिनिटांच्या आत पोहोचलेलं विमान वेळेवर आलं असं धरलं जातं. एवढा उदार नियम असलेला देश आपल्याला परका वाटूच शकत नाही. आपल्याकडे सातचं नाटक सव्वासातला सुरू झालं की निर्मात्याला वक्तशीर म्हणतात.

विमानात बसल्यावर अंतर हा प्रकारच संपतो. बाहेर उणे पन्नास अंश, आत घोंगडीवजा चादर. शेजारच्या खिडकीवाल्याला दर दोन तासांनी उठायचं असतं आणि ते तो आपण डुलकी काढली की ठरवतो. अनुभवी प्रवासी आधीच जैन जेवण सांगून ठेवतात. ते धर्मासाठी नव्हे; खास जेवणं आधी वाढतात, म्हणून. मागच्या रांगेतल्या लोकांना आपल्या डब्याचा वास जाईपर्यंत आपलं जेवून होतं. आमच्या ओळखीचे एक आजोबा रोज सकाळी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढतात. विमानतळावर मात्र त्यांना चाकाची खुर्ची लागते. "गुडघा नाही हो," ते म्हणतात, "रांग दुखते."

आणि आता तर मागे राहिलेलेही प्रवास करतात. काकूंच्या बहिणीचे यजमान, म्हणजे थोरले साडू, पुण्यात कोथरूडला बसून फ्लाइटरडारवर विमानाचा ठिपका बघत असतात. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर त्यांचं धावतं वर्णन चालू असतं: 'काळ्या समुद्रावर आलं.' 'उजवीकडे वळलं, वादळ असावं.' 'आता ३८,००० फूट.' गटातले सगळे हात जोडलेली चित्रं टाकतात. विमानात बसलेल्या काकांना आपण कुठे आहोत याचा पत्ता नसतो, कारण समोरचा पडदा बिघडलेला. कोथरूडला मात्र सगळं ठाऊक. एकदा बराच वेळ ठिपका दिसेनासा झाला, तेव्हा साडूंनी रात्रभर झोप घेतली नाही. सकाळी कळलं, त्यांचाच वायफाय गेला होता.

हे सगळं चालू असताना आनंदीबाई जोशींची आठवण ठेवावी. ७ एप्रिल १८८३ रोजी अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने. शाकाहारी जेवणाचा पर्याय कंपनीने विचारला नव्हता आणि गटावर हात जोडायलाही कोणी नव्हतं. उतरल्यावर ती राहिली न्यू जर्सीतल्या रोझेल गावी, कार्पेंटरबाईंकडे, आणि मग फिलाडेल्फियाला जाऊन १८८६ मध्ये डॉक्टर झाली. रोझेलहून नेवार्कचा विमानतळ आज मोटारीने फार तर वीस मिनिटांवर आहे. ज्या वाटेला तिचे दोन महिने गेले त्या वाटेवर आमचे काका सोळाव्या तासाला हवाई सुंदरीला विचारतात, "अजून किती?" काळाप्रमाणे अंतर कमी झालं, हे खरं. सहनशक्तीने मात्र त्याच्याशी बरोबरी राखली आहे.

विमानांनीही ही मजल एका झेपेत मारली नाही. ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं ते कैरो आणि जिनेव्हा करत. १९६० मध्ये बोइंग ७०७ न्यूयॉर्कला जाऊ लागलं तेही लंडनला थांबून. थांब्यांमुळे प्रवास लांबत असे, पण पाय मोकळे होत आणि घरी सांगायला एक जास्तीचा देश मिळत असे. जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अग्रवाल आणि त्यांच्या सर्व महिला वैमानिक सहकाऱ्यांनी सॅन फ्रान्सिस्कोहून निघालेलं विमान उत्तर ध्रुवाजवळून नेऊन बंगळुरूला उतरवलं. जवळजवळ १४,००० किलोमीटर, मध्ये थांबा नाही. आजींनी ही बातमी ऐकून एवढंच विचारलं, "मग वाटेत चहाचं काय करतात?"

अंतर किती वाढू शकतं, या बाबतीत भूमिती मोठा दिलासा देते. पृथ्वीचा घेर साधारण ४०,००० किलोमीटर. म्हणजे जगातली कोणतीही दोन गावं एकमेकांपासून २०,००० किलोमीटरहून फारशी लांब असू शकत नाहीत; त्यापुढे गेलात की तुम्ही परत जवळ यायला लागता. मुंबईच्या बरोबर पाठीमागचा बिंदू दक्षिण पॅसिफिकमध्ये ईस्टर बेटाच्या उत्तरेला भर समुद्रात पडतो. तिथे विमानतळ नाही आणि कोणाचा मुलगा नोकरीलाही नाही, त्यामुळे ती काळजी नाही. सिंगापूरहून न्यूयॉर्कला १५,३०० किलोमीटर एकोणीस तासांच्या आत नेणारी विमानं आजही आहेत. सिडनी ते लंडन, सुमारे १७,००० किलोमीटर, न थांबता नेण्यासाठी खास विमान बांधलं जात आहे. त्याला वाऱ्याप्रमाणे वीस ते बावीस तास लागतील. थोडक्यात, जगातले कुठलेही दोन विमानतळ एका दिवसात बसवण्याचं काम इंजिनिअर मंडळींनी जवळपास उरकत आणलं आहे.

उरलं आहे ते आमच्या सोसायटीच्या फाटकाशी. काकांच्या दारापासून गाडीपर्यंत बारा मीटर. बॅगा गाडीत चढल्या की काकू "येते हं" म्हणतात आणि मग निघण्याला खरी सुरुवात होते. हातावर दही-साखर. गॅसचा कॉक बघून येणं. तुळशीला पाणी कोणी घालायचं याचा ठराव. किल्ली शेजारी, पण कुठल्या शेजारी, यावर उपसमिती. आजींना नमस्कार, आजींचा आशीर्वाद, आशीर्वादात गेल्या वेळच्या प्रवासाची आठवण, त्या आठवणीत एक जुनी तक्रार. पासपोर्ट आहे ना, यासाठी पर्स तीनदा उघडणं. सगळ्यांचा एक फोटो, मग ज्याने काढला त्याच्यासकट दुसरा. चालक हॉर्न वाजवतो. गाडीत बसलेले काका खिडकीतून घड्याळ दाखवतात आणि ओरडतात, "अगं, चल! पाऊण तास झाला, विमान थांबणार आहे का?"

काकू फाटकाशी उभ्या राहून तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेला चकलीच्या भाजणीचं प्रमाण सांगत असतात. मान न वळवता उत्तर देतात, "आले हो! पुढे सोळा तास बसायचंच आहे, आत्ता जरा उभी राहू द्या."